तीन स्पेलिंगांचा गेज

तिरुवेंगडम् यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत परदेशातून आलेलं पहिलं पत्र तक्रारीचं निघालं. आणि तक्रारही अशी नम्र, की राग धरायला कुठे कोपराच सापडेना.

पत्र युगांडातल्या सोरोटी गावच्या पाणी समितीचे चिटणीस ओपोलोट यांचं होतं. लिहिलं होतं, "तुमचे सहा पंप पोहोचले. रंग फार सुंदर आहे. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर पंपाला तीन वस्तू जोडायला सांगितल्या आहेत. जी-ए-यू-जी-ई, जी-यू-ए-जी-ई आणि जी-ए-जी-ई. पैकी पहिली आम्हाला मिळाली. उरलेल्या दोन कृपया पाठवाव्यात. आम्ही त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे."

शेवटचं वाक्य तिरुवेंगडम् यांना सुईसारखं टोचलं. त्या भल्या माणसांनी जागा रिकामी ठेवली होती! कोइमतूरच्या पीळमेडू भागातल्या ज्या कारखान्यातून ते पंप गेले होते, तिथल्या पुस्तिका तीन टायपिस्टांनी तीन वेगवेगळ्या वर्षांत टाइप केल्या होत्या हे खरं. पण शेवटच्या पानावर 'तपासले' या शब्दाखाली सही एकाच माणसाची होती, आणि ती फार वळणदार होती.

मॅनेजर पळनिचामी यांनी त्यांना बोलावलं. पळनिचामी इंजिनिअर होते. स्पेलिंग ही त्यांच्या लेखी पंपाच्या रंगासारखी गोष्ट. शेवटी देतात, आणि दिला नाही तरी पाणी येतंच.

"तिरुवेंगडम् सार, प्रेशर गेज किती प्रकारचा असतो?"

"एकच, सार. दाब मोजायचा."

"मग आपण तीन का विकतोय?"

तिरुवेंगडम् यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उत्तर काचेवर नव्हतं.

"असं करा," पळनिचामी म्हणाले, "एक पान बनवा. एक वस्तू, एक स्पेलिंग. आणि शेजारी तोंडाने कसं म्हणायचं ते. गिऱ्हाइकं फोनवर व्हॉल्व्हला काय काय म्हणतात, आमच्या पोरांना कळत नाही. शुक्रवारी द्या. एकच पान हं!"

एकच पान! घरी डिक्शनरी उघडण्याआधी हातपाय धुणाऱ्या माणसाला सांगितलेलं हे काम. त्यांची ती डिक्शनरी स्टुलावर, धुतलेल्या पंचाखाली असे. पाहुण्यांना वाटे खाली नैवेद्य झाकलाय. त्यांची बायको अलमेलु सुरुवातीला हसायची. मग तिलाही सवय झाली, आणि पंचा दर शुक्रवारी तीच बदलू लागली.

शुक्रवार उजाडला तेव्हा त्यांचं काम 'ए' अक्षरापाशी होतं.

रविवारी सकाळी ते कागद घेऊन जिन्यात बसले, कारण घरात अलमेलुने अडैचं, म्हणजे डाळींच्या जाड डोशाचं, पीठ वाटायला घेतलं होतं आणि त्या आवाजात उच्चार ठरत नव्हते. जिन्यात बसणं ही चूक झाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चोक्कलिंगम् खाली उतरले आणि त्यांनी यादी हातात घेतली.

"इतकी अक्षरं कशाला? तारेचा जमाना विसरलात? शब्दागणिक पैसे पडायचे. लोक तेव्हा कसं नेटकं लिहीत! गेजला जी-जे पुरे. माझं ऐका, कारखान्याची शाई वाचेल."

"पण ते चूक आहे, अण्णा."

"चूक? चाळीस वर्षं तारा वाटल्या मी. जी मेली ती माणसं मेलीच, जी जन्मली ती जन्मलीच. स्पेलिंगमुळे कुणाचं काही अडलं नाही."

आवाज ऐकून तळमजल्यावरचं दार उघडलं. फ्लॉरेन्स टीचर बाहेर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आणि कॉन्व्हेंट शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांच्यासमोर 'मिल्क' म्हणताना जीभ सांभाळायचा.

"तिरुवेंगडम्, व्हॉल्व्ह म्हणा."

"वाल्वु, टीचर."

"शेवटी उ कुठून आला?"

"तो... तो आमच्याकडे असतोच, टीचर. पंपु, वाल्वु, नट्टु, बोल्टु."

"त्याला घरी पाठवा. वरचे दात खालच्या ओठावर ठेवा. ठेवा!"

छप्पन्न वर्षांचे तिरुवेंगडम् जिन्याच्या चौथ्या पायरीवर ओठ चावून बसले. तेवढ्यात अलमेलु पिठाच्या हातांनी दारात आली, नवऱ्याचं तोंड पाहून घाबरली आणि म्हणाली, "अहो, दाढ दुखतेय का?"

टीचरनी मग तीन शब्द निवडले आणि जिन्याच्या भिंतीवर बोटानेच लिहून दाखवले. तिन्हींच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच. "हा रफ. इथे ती चार अक्षरं फ म्हणतात. हा थ्रू. इथे ऊ म्हणतात. आणि हा बाव, झाडाची फांदी. इथे आव."

"पण टीचर, अक्षरं तर तीच आहेत!"

"तीच."

"मग कळायचं कसं?"

"कळत नाही. माहीत असावं लागतं."

चोक्कलिंगम् म्हणाले, "ही शुद्ध फसवणूक आहे." पण तिरुवेंगडम् यांच्या अंगावर काटा आला होता. भिंतीवर काहीच उमटलेलं नव्हतं, तरी ते तिकडे बघत राहिले. लहानपणी मदुरैच्या देवळात हजार खांबांच्या मंडपात पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर झालं होतं तसंच झालं. इतकं मोठं, इतकं विचित्र, आणि कुणीतरी हे बांधलं! आणि इतके लोक रोज यातून न अडखळता जातात-येतात!

सोमवारी ते त्याच भारावलेल्या अवस्थेत कारखान्यात गेले आणि त्यांनी कॉम्प्युटरला आज्ञा केली, की पुस्तिकेत जिथे जिथे जी-ए-जी-ई दिसेल तिथे मध्ये यू घाल. शिवाय टीचरनी सांगितलं होतं की लांबी मोजायच्या मीटरचा शेवट आर-ई असा असतो, म्हणून जिथे मीटरच्या शेवटी ई-आर दिसेल तिथे तेही उलटव. एक बटण दाबलं. पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर आलं, तीनशे अठरा बदल केले. तिरुवेंगडम् यांनी यंत्राला मनोमन हात जोडले. चाळीस प्रती छापायला सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पळनिचामींनी पहिलं पान उघडलं. त्यावर त्यांचा फोटो होता आणि फोटोखाली त्यांचं मनोगत होतं, की गेली चाळीस वर्षं आम्ही पंपनिर्मितीच्या कार्यात गुंतलो आहोत. 'गुंतलो' हा शब्द इंग्रजीत 'एंगेज्ड'. त्याच्या पोटात बिचारं जी-ए-जी-ई लपून बसलेलं होतं. यंत्राने तेही शोधून काढलं आणि त्यातही यू ठोकला होता. पुढे पाइपचा व्यास, म्हणजे 'डायमीटर', शेपटीपाशी उलटला होता. व्होल्ट मोजायचं यंत्र, वीज मोजायचं यंत्र, सगळ्यांच्या शेपट्या आर-ई झाल्या होत्या.

"हे काय आहे, सार?" पळनिचामींनी आपल्या फोटोखाली बोट ठेवलं. "माझ्या मनोगतात गेज बसवलात?"

संध्याकाळी जिन्यात चोक्कलिंगम् यांना हे कळलं तेव्हा ते कठड्याला धरून हसले. "एंगेजमेंट म्हणजे साखरपुडाच ना? मग काय बिघडलं! मापं घेऊन साखरपुडा केला म्हणायचं!"

इथे कुणीही माणूस थांबला असता. पण अपमान झालेला मध्यमवर्गीय माणूस थांबत नाही, तो जास्त व्यवस्थित होतो. तिरुवेंगडम् यांनी यादी हाताने करायला घेतली. तिसऱ्या आठवड्यात ती एकवीस पानांची झाली. पहिल्या ओळीत त्यांनी नियम घातला, की यापुढे या यादीत मंजूर नसलेलं कोणतंही स्पेलिंग कारखान्याच्या कोणत्याही कागदावर येता कामा नये. मग तीन रकाने आखले. बरोबर, चूक, आणि उच्चार. कागद मंजुरीसाठी पोर्कोडीच्या टेबलावर गेला.

पोर्कोडी कारखान्यातल्या कागदांना नंबर द्यायची. वय सत्तावीस, बोलणं गोड, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या आईलाही उभं ठेवील अशी. तिने यादी वाचली आणि परत पाठवली.

"का?" तिरुवेंगडम् स्वतः गेले.

"यात चुकीची स्पेलिंगं आहेत, सार."

"अगं, तो चुकांचाच रकाना आहे!"

"हो सार. पण पहिल्या ओळीत तुम्हीच लिहिलंय, नामंजूर स्पेलिंग कोणत्याही कागदावर येता कामा नये. हा कागदच आहे ना?"

तिरुवेंगडम् यांनी कागदाकडे पाहिलं. कागदच होता.

"बरं, चुकांचा रकाना काढतो."

"उच्चाराचाही काढावा लागेल, सार. गेजचा उच्चार तुम्ही कसा दाखवलाय बघा. जी-ए-जी-ई. तेच तर तुम्ही बंद केलंय."

हे मात्र भयंकर होतं. गेज कसा म्हणायचा ते इंग्रजी अक्षरांत सांगायचं तर नेमकं तेच लिहावं लागत होतं, जे लिहू नये म्हणून सगळी खटपट चालली होती! तिरुवेंगडम् जाग्यावर बसले. या भाषेने स्वतःभोवती असा तट बांधला होता, की तिच्याबद्दल सांगायचं तर आत शिरावं लागे आणि आत शिरलं की सांगता येत नसे. रागावण्याऐवजी त्यांना पुन्हा तो हजार खांबांचा मंडप आठवला.

मग त्यांना तोडगा सुचला. उच्चार तमिळ अक्षरांत लिहायचे! निदान कारखान्यातल्यांसाठी. पोर्कोडीने नियम तपासले, तमिळबद्दल काही नव्हतं. यादीला नंबर मिळाला, ती फलकावर लागली.

आता तमिळ लिपी फार समजूतदार. तिच्यात प आणि ब एकाच अक्षरात सुखाने नांदतात. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. तेव्हा दांड्याभोवतीचं पितळी बुश आणि स्टार्टरवरचं पुश बटण हे दोन्ही शब्द यादीत अगदी जुळ्या भावांसारखे दिसू लागले. चुकांच्या रिकाम्या झालेल्या रकान्यात तिरुवेंगडम् यांनी देखभालीच्या सूचना भरल्या होत्या. बुशसमोर लिहिलं होतं, दर सहा महिन्यांनी बदलावे. चाचणी विभागातल्या मुरुगय्यन फिटरने ते वाचलं, तारीख पाहिली, आणि मोठ्या कर्तव्यबुद्धीने अकराही स्टार्टरांची पुश बटणं उपटून काढली. नवी बटणं साठ्यात नव्हती. चाचणी दीड दिवस बंद.

"वाचून काम केलं, सार," मुरुगय्यन म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा वाचून काम केलं. आता पुन्हा नाही वाचणार."

तिरुवेंगडम् यांच्या हातात मेमो पडला. सदर प्रकाराचं स्पष्टीकरण तीन दिवसांत द्यावं. स्पष्टीकरणाच्या इंग्रजी शब्दात, 'एक्स्प्लनेशन'मध्ये, एक आय जास्तीचा पडला होता. छत्तीस वर्षांत पहिला मेमो, आणि तोही अशुद्ध! त्यांनी तो दोनदा वाचला. मग लाल पेनने त्या आयभोवती गोल केला आणि खाली लिहिलं, "हा शब्द मंजूर यादीत नाही. दुरुस्त करून पाठवावा, म्हणजे देता येईल." आणि नियमाप्रमाणे पोर्कोडीमार्फत वर पाठवला. पोर्कोडीने त्यावर न हसता नंबर टाकला.

त्या संध्याकाळी ते फ्लॉरेन्स टीचरच्या दारात उभे राहिले. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यातच उभे राहिले.

"टीचर, सोडून देतो. ही भाषा आपल्याच्याने बांधून होणार नाही."

टीचरनी पोर्कोडीने परत केलेली आणि फलकावरची, दोन्ही याद्या वाचल्या. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "तुम्ही चुकीचं लिहिताच कशाला? वर्गात चुकीचं स्पेलिंग फळ्यावर लिहिलं की मुलं नेमकं तेच पाठ करतात. फक्त बरोबर लिहा. आणि उच्चार कशाला लिहायचा? कोणासारखा वाजतो ते सांगा. गेज, केजसारखा. केज सगळ्यांना येतं."

पाच आठवडे, एक मेमो आणि अकरा बटणं, आणि उत्तर दोन वाक्यांचं! तिरुवेंगडम् यांना टीचरच्या पाया पडावंसं वाटलं. पण टीचर ख्रिश्चन होत्या, त्यांना चालेल की नाही या विचारात ते अर्धेच वाकले आणि चप्पल नीट केल्यासारखं करून उठले.

"पण केज जर कुणी केजु म्हणत असेल तर?" त्यांनी विचारलं.

टीचरनी याद्यांची घडी घातली. "तर मला कारखान्यात न्या. मी वाचते. ऐकतील."

पळनिचामींनी परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं कुणीतरी आजी प्रार्थना म्हणायला येणार आहे. टीचर मोटारींच्या वायंडिंग विभागात आल्या. साठ-सत्तर बाया तांब्याच्या तारा गुंडाळत बसल्या होत्या. टीचरनी खुर्ची नाकारली, त्यांच्याच सल्ल्याने नव्याने केलेली यादी डोळ्यांसमोर धरली, आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. दोनशे बारा शब्द. आवाज उंच नव्हता, पण प्रत्येक शब्द कसा घासूनपुसून ठेवल्यासारखा, धारेसकट. विसाव्या शब्दाला पहिल्या रांगेतल्या बायांचे हात थांबले. पन्नासाव्याला मागच्या थांबल्या. शंभराव्याला मुरुगय्यन दारात येऊन उभा राहिला. इंग्रजी त्यांतल्या दोघीतिघींना येत असेल. पण आपण रोज हाताने करतो त्या वस्तूंना इतकी नावं आहेत, आणि ती अशीही म्हणता येतात, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वाचन संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी बाई फक्त म्हणाली, "एवढं सगळं असतं होय पंपात?"

यादी छापली गेली. एक पान सांगितलं होतं, अडतीस झाली. एक प्रत सोरोटीला गेली, सोबत गेज एकच असल्याबद्दल क्षमापत्र.

आता हे इथे संपायला हरकत नव्हती. तिरुवेंगडम् यांनाही तसंच वाटत होतं. पण दोन महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, पोर्कोडीच्या टेबलावरचा फोन वाजला. सर्व्हिसचे सगळे लोक पोळ्ळाचीला गेले होते. पळनिचामी चेन्नईला. पोर्कोडीने दोन मिनिटं ऐकलं, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "सार, सोरोटीहून. पंप चालतोय पण पाणी येत नाही. तीन दिवस झाले. गावात दवाखाना आहे म्हणतायत. त्यांना पुस्तिकावाले साहेब हवेत."

"मी?" तिरुवेंगडम् यांच्या हातात दहीभाताचा डबा होता. "मी आजवर पंपाला हात लावलेला नाही!"

"यादी तुम्हीच केलीत ना, सार."

पलीकडे पंप चालवणारी अमोंगिन नावाची बाई होती. तिचं इंग्रजी यांना कळेना, यांचं तिला. पाच मिनिटं दोघं एकमेकांना "काय?" एवढंच म्हणत होते. तिरुवेंगडम् यांनी ओठावर दात ठेवून टीचरसारखा व्हॉल्व्ह म्हणून पाहिला. तिला तो मुळीच ओळखू आला नाही. घाबरून त्यांच्या तोंडून सवयीचा "वाल्वु" निघाला, आणि ती ओरडली, "हां, हां, वालुवु!"

पण पुढचा शब्द अडला. नॉब. ती काहीतरी म्हणाली, यांना कळलं नाही. हे म्हणाले, तिला कळलं नाही. शेवटी तिरुवेंगडम् म्हणाले, "अम्मा, यादी उघडा. अक्षरं सांगा."

"के," ती म्हणाली. "एन. ओ. बी."

तिरुवेंगडम् यांनी स्वतःच्या प्रतीवर बोट ठेवलं. के, एन, ओ, बी. जगात कुणीही न उच्चारणारा तो के तिने पाच हजार किलोमीटरवरून स्वच्छ उच्चारला होता, आणि इकडे बोटाखाली तो होता. जिथे असायला हवा तिथेच.

मग ते दोघं अक्षर-अक्षर पुढे गेले. अडलेला शब्द तोंडाने नाहीच, फक्त अक्षरांनी; आणि तसतसे बाकीचे साधे शब्दही एकमेकांना कळू लागले. पोर्कोडीने पुस्तिकेचं नववं पान समोर धरलं. पंपात हवा अडकली की काय करायचं, त्याची कृती तिथे होती.

"अम्मा, आधी हवेचा नॉब सोडून पाणी ओतलंत का?"

"रोज ओततेय. पण तुम्ही लिहिलंय तसा जवळचा वालुवु उघडा ठेवतेय, ओतलेलं निघून जातं."

"जवळचा? मी कुठे जवळचा लिहिलं?"

"सी-एल-ओ-एस-ई," ती म्हणाली. "क्लोस. जवळचा. 'ओपन नॉब, क्लोस वालुवु.' म्हणजे नॉब आणि जवळचा वालुवु, दोन्ही उघडा. दुसरा वालुवु टाकीपाशी आहे, तो लांबचा."

तिरुवेंगडम् यांच्या हातातला चमचा डब्यात पडला. 'क्लोज' म्हणजे बंद करा! आणि 'क्लोस' म्हणजे जवळचा! अक्षरं तीच पाच, जागा तीच, स्पेलिंगात काडीचा दोष नाही. एका वस्तूची तीन स्पेलिंगं त्यांनी निपटून काढली होती, आणि आता एका स्पेलिंगात दोन वस्तू निघाल्या! दोनशे बारा शब्दांत हा शब्दच नव्हता. इतका साधा होता, की घ्यावासा वाटला नव्हता.

"सार, बोला काहीतरी," पोर्कोडी कुजबुजली.

"अम्मा," ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं. जवळचा नाही. बंद. शट. एस-एच-यू-टी. तो बंद करा, मग पाणी ओता. नॉबमधून बुडबुडे थांबेपर्यंत ओता. मग नॉब घट्ट करा, पंप चालू करा, आणि मग वालुवु हळूहळू उघडा."

"एस-एच-यू-टी," पलीकडून आलं. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. बादल्यांचे आवाज. बायकांची बोलणी, कुठल्याशा भाषेत, जी या टेबलापाशी कुणालाच येत नव्हती. पोर्कोडीने स्पीकर चालू केला. मोटार घुमली. वायंडिंगच्या दोन बाया डबे घेऊन जाता-जाता थांबल्या. मुरुगय्यन थांबला. सगळे त्या काळ्या यंत्राकडे बघत होते.

घरघर चालूच राहिली. मग एक खोकल्यासारखा आवाज, आणखी एक, आणि मग पत्र्याच्या टाकीवर पाणी पडायला लागलं. पलीकडे कुणीतरी किंचाळलं, मग पुष्कळ जणी एकदम.

अमोंगिनने बहुधा फोन टाकीजवळ नेला असावा, कारण आवाज मोठा मोठा होत गेला. तिरुवेंगडम् कधी उभे राहिले ते त्यांना कळलं नाही. पोर्कोडीही उभी राहिली. ते पाणी कोणत्या भाषेत पडत होतं कुणास ठाऊक, पण कारखान्याच्या त्या कोपऱ्यात एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही.